माळकरी आप्पा आणि सँटोरिनीच्या टोपल्या

श्रावणात, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बापाला वाइनच्या सहलीला घेऊन जाणारी निफाड तालुक्यातली मी पहिलीच मुलगी असेन. ठरवून काही केलं नव्हतं. आई-आप्पा उन्हाळ्यापासून आमच्याकडे श्टुटगार्टला आलेले. एप्रिलची खरड छाटणी उरकलेली, फळासाठीच्या गोडी छाटणीला अवकाश, आमची द्राक्षबाग धाकट्या भावाच्या ताब्यात. आईला बोट लागते, म्हणून ती नातवाजवळ थांबली. ऑफिसातल्या मैत्रिणीसोबत आखलेली ग्रीसची सहल मैत्रिणीने ऐनवेळी रद्द केली आणि तिच्या जागी आप्पा आले. वाइन टूरचे पैसे आधीच भरून झाले होते. माणशी सव्वाशे युरोंच्या पुढे. परत मिळणार नव्हते.

"मी पिणार नाही, पण द्राक्षं बघायला कोण अडवतंय?" आप्पा म्हणाले.

पहिला दिवस

अथेन्सला रात्र काढून सकाळी पिरेअस बंदरावरून बोट धरली. विमानाने पाऊण तासात जाता येतं, पण आप्पांना समुद्र बघायचा होता. पारोस, नाक्सोस अशी बेटं घेत बोट साडेसात-आठ तासांनी सँटोरिनीला लागते. वाटेत आप्पांनी दोन वेळा हरिपाठ म्हटला आणि एक वेळा डब्यातल्या दशम्या काढल्या. शेजारच्या ग्रीक आजीने दशमीचा तुकडा घेतला, आम्हाला तिळाचं कडं दिलं. भाषा दोघांनाही लागली नाही.

बोट कड्यांच्या आत शिरते तेव्हा गप्प व्हायला होतं. समोर साधारण तीनशे मीटर उंचीची उभी भिंत, तिच्यात लाल, काळे, राखाडी थर, आणि वर माथ्यावर मीठ सांडल्यासारखी पांढरी घरं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, मधला भाग खचला आणि समुद्र आत आला. आपण बोटीने जातो ते त्या खड्ड्यातूनच. मध्यभागी नेआ कामेनी नावाचं काळंकुट्ट बेट आहे, ते त्याच ज्वालामुखीचं नंतरचं बाळ.

अथिनिओस बंदरावरून गाडी नागमोडी वळणं घेत वर चढते. आम्ही मेगालोखोरी गावात खोली घेतली होती. कड्यावरच्या खोल्यांचे दर ऐकून आप्पांनी "एका रात्रीत ठिबकचा अख्खा सेट येईल" असा हिशेब केला होता.

संध्याकाळी गावाबाहेर पाय मोकळे करायला गेलो. रस्त्याच्या कडेला पिवळट-राखाडी, भुसभुशीत जमीन. तिच्यावर कुणीतरी हिरव्या परड्या उपड्या टाकून गेल्यासारखे लांब लांब गोळे. आप्पा पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले.

"ही झुडपं कसली गं?"

"आप्पा, मला वाटतं हीच द्राक्षबाग."

"ह्यॅ!" ते म्हणाले. "तार कुठंय? अँगल कुठंय?"

दुसरा दिवस

राजधानीच्या गावाचं नावच फिरा. तेव्हा फिरलो. जुन्या बंदरापासून गावापर्यंत ५८८ पायऱ्या, त्यांवर खेचरं, शेजारी केबल कार. त्या दिवशी खाली दोन क्रूझ उभ्या होत्या. बेटाची कायमची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. गर्दी इतकी वाढली की क्रूझने येणाऱ्यांवर २०२५ पासून दिवसाला ८,००० ची मर्यादा घालावी लागली. ईया गावाला सूर्यास्त बघायला गेलो आणि सूर्यास्ताऐवजी लोकांचे वर धरलेले फोन बघून आलो. याहून जास्त लिहिण्यासारखं तिथे माझ्याजवळ काही नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत.

जेवणाचं मात्र सांगते. फावा नावाचा पदार्थ मागवला. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल, कच्चा कांदा आणि केपर. आप्पांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "हे तर गार झालेलं पिठलं." मग संपवलं, आणखी एक मागवलं. ही डाळ आपल्याकडच्या लाखेच्या डाळीच्या कुळातली. बेटावर ती पाण्याशिवाय पिकवतात आणि तिला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे. सोबत टोमॅटोची भजी. इथला टोमॅटो बोराएवढा, जाड सालीचा, तोही बिनपाण्याचा.

तिसरा दिवस

वाइन टूरची व्हॅन चाळीस मिनिटं उशिरा आली. फोन केला तर "पाच मिनिटं" हेच उत्तर चार वेळा. म्हणजे घरच्यासारखंच. आत आम्ही आठ जण: नवं लग्न झालेलं अमेरिकन जोडपं, ब्राझीलचे नवरा-बायको, हॉलंडच्या दोघी बहिणी आणि आम्ही. वाटाडी मुलगी तिशीची, बेटावरचीच. आप्पा पिणार नाहीत हे मी तिला आधीच कळवलं होतं. तिने माळेकडे बघून "धार्मिक?" असं विचारलं, मी हो म्हटलं. मग तिने कुठेच त्यांच्यापुढे पेला ठेवू दिला नाही. ठिकाणं तीन. ती आधी द्राक्षांपाशी नेणार होती आणि पेले नंतर. यासाठी तिचे उशिराचे चाळीस गुन्हे माफ.

पिर्गोस गावाखालच्या एका बागेत उतरलो. आदल्या दिवशी पाहिलेल्या त्याच परड्या. या बांधणीला कुलूरा म्हणतात. कुलूरा म्हणजे कडं, वेटोळं. वेल उभी वाढू देतच नाहीत. दरवर्षी हिवाळ्यात छाटणी करताना काड्या एकमेकींत विणत वर्तुळ करायचं, पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक फेर. वर्षानुवर्षं विणत गेलं की जमिनीवर टोपली तयार होते. घड या टोपलीच्या आत लटकतात. उन्हाळ्यात इथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. उभी वेल असती तर मणी वाळूने सोलून निघाले असते. टोपलीत त्यांना वारा लागत नाही, ऊनही लागत नाही, आणि रात्री समुद्रावरून येणारं धुकं पानांत अडकतं. वर्षाचा पाऊस ३०० ते ४०० मिलिमीटर, तोही हिवाळ्यातला. ठिबक नाही, विहीर नाही. जमिनीतला सच्छिद्र दगड रात्रीचा ओलावा धरून ठेवतो आणि वेल त्यावर जगते.

आप्पा उकिडवे बसले. पंचाहत्तरीच्या जवळ आलेला माणूस बागेत उकिडवा बसला की पंचेचाळीसचा होतो. त्यांनी टोपलीच्या आत हात घालून खोड चाचपलं. मग प्रश्न सुरू झाले. मी भाषांतर करत होते आणि बाकीचे सहा जण ऐकत होते.

"कलम कशावर?"

कशावरच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभरच्या बागा झोपवल्या. तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे अमेरिकन खुंटावर कलम करतात. इथल्या राखेच्या मातीत चिकणमातीच नाही, त्यामुळे कीड टिकलीच नाही. वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आमची बाग डॉगरीज नावाच्या खुंटावरची. त्यांनी ती खारं पाणी आणि दुष्काळ यांच्यामुळे केली, किडीमुळे नव्हे. तरी "स्वतःच्या मुळावर" हे शब्द त्यांनी दोनदा म्हटले.

"वय?"

सत्तर-ऐंशी वर्षांनी टोपली थकते, उत्पन्न घटतं. मग वरची टोपली कापून टाकतात आणि जुन्या मुळातून नवीन फुटीची पुन्हा टोपली विणायला घेतात. असं काही वेलींचं अनेकदा झालंय, म्हणून मुळं दोन-तीनशे वर्षांची असल्याचं सांगतात. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग काढून नवीन लावतात. आप्पांनी फक्त "बाप रे" म्हटलं.

"फवारे किती?"

गंधकाचा थोडा मारा. बाकी फारसं काही नाही, वाऱ्यात बुरशी टिकत नाही. इथे मात्र आप्पांचा चेहरा पडला. डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी त्यांनी आयुष्यात जेवढे पंप पाठीवर घेतले, ते सगळे एकदम आठवले असणार.

"एकरी किती निघतं?"

वाटाडीने हेक्टरात सांगितलं, मी एकरात केलं: टनाच्या आसपास, चांगल्या वर्षी. वाईट वर्षी त्याच्या निम्मं. आप्पा हसले. आमच्याकडे आठ-दहा टन. मग भाव विचारला. आसिर्तिको या पांढऱ्या जातीला गेल्या काही वर्षांत किलोला पाच युरोंच्या पुढे भाव गेलाय, ती म्हणाली. म्हणजे पाचशे रुपये. आप्पांनी बोटांवर मोजलं आणि हसणं थांबवलं.

"म्हणजे एक टनाचे पाच लाख. माझे दहा टन चाळीसनं गेले तर चार लाख. त्यातले अडीच-तीन लाख औषधं, खतं, मजुरीत. आणि ही मंडळी तारही विकत घेत नाहीत!"

अमेरिकन जोडप्याने हे काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर व्हॅनमधल्या सगळ्यांचे प्रश्न आप्पांमार्फत जायला लागले.

वाटाडीने मात्र चित्र पुरं केलं. भाव वाढला कारण द्राक्षं कमी झाली. सलग उन्हाचे, कोरडे हंगाम गेले, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे जमीन. टोपली विणून वर्षभरात जे मिळतं, ते त्याच जमिनीवर व्हिला बांधून एका उन्हाळ्याच्या भाड्यात मिळतं त्याच्या जवळही जात नाही. हिवाळ्यात वाऱ्यात उकिडवं बसून छाटणी करणारी म्हातारी माणसं उरली आहेत, विणता येणारी पोरं थोडी. "तुमच्याकडे छाटणीला माणसं मिळतात?" तिने आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, पण दरवर्षी उचल वाढवावी लागते. मला पेठ-सुरगाणा ग्रीक बाईला कसं सांगावं ते कळेना. "डोंगरातली माणसं" म्हटलं. तिने मान डोलावली.

मग कानावा. जुनी घरगुती वायनरी. बेटावर राखेच्या थरात कोरलेली तळघरं आहेत, आत कायम थंडावा. ही राख नुसती मातीच नव्हे. चुन्यात मिसळली की पाण्याखालीही घट्ट होते. सुवेझ कालव्याच्या बांधकामासाठी ती इथून खणून नेली होती. आत दगडी हौद, जिथे द्राक्षं पायाने तुडवत, आणि काळपट लाकडी पिंपं.

इथे माझं काम सुरू झालं. पहिला पेला साध्या आसिर्तिकोचा. एवढ्या उन्हाच्या बेटावर द्राक्ष पिकलं की गोड, जड, ढोबळ वाइन व्हायला हवी. पण ही जात उन्हातही आपली आंबटाई सोडत नाही. लिंबाची साल, मागून खडेमीठ चाटल्यासारखी चव, आणि मग बराच वेळ काही नाही, फक्त स्वच्छ झालेलं तोंड. दुसरी निख्तेरी. निख्ता म्हणजे रात्र. पूर्वी पहाटेच्या आधी तोडणी करून त्याच रात्री रस काढत, म्हणून हे नाव. आता ती काही महिने लाकडी पिंपात ठेवतात. अंगाने भरदार, मला जरा दमवणारी. तिसरी लाल, मान्दिलारियाची. ती मी अर्धी बादलीत ओतली. मला आवडली नाही, आणि वाटाडी म्हणाली की पर्यटकाने आवडल्याचं नाटक केलं की तिला आधी कळतं.

आप्पांसाठी तिने एक बशी आणली. दाट, काळसर पाक, शेजारी पाव. पेतिमेझी. द्राक्षाचा ताजा रस आटवून केलेला, त्यात मद्य नसतं. आप्पांनी बोट बुडवलं.

"काकवी!"

मग मागच्या अंगणात गेलो आणि आप्पांचं हसणं परत आलं. उन्हात जमिनीवर पसरलेले घड. पांढरी द्राक्षं, तपकिरी होत चाललेली. बारा-चौदा दिवस अशी सुकवतात, मग त्यांचा थोडाच, दाट रस निघतो. तो आंबवला, किमान दोन वर्षं लाकडी पिंपात ठेवला, की विन्सांतो. हे नाव सँटोरिनीच्याच नावावरून आलं. बेटाला सांता इरिनीचं नाव देणारे इटालियन लोक. पुढे ही वाइन रशियापर्यंत जायची, तिथल्या चर्चमध्ये प्रसादाला.

आप्पांना प्रसादापेक्षा बेदाण्यात रस होता. आपल्याकडे घड डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुचकळतात आणि शेडमध्ये जाळीवर सावलीत वाळवतात, रंग हिरवा राहावा म्हणून. इथे थेट उन्हात, बुचकळणं नाही, काही नाही. "मग रंग काळा होणारच," ते म्हणाले. वाटाडी म्हणाली, आम्हाला तपकिरीच हवाय. आप्पांनी एक अर्धवट वाळलेला मणी मागून घेतला, बराच वेळ चघळला आणि बिया हातावर काढून मोजल्या.

विन्सांतोचा पेला मी तिथेच उभ्याने घेतला. गूळ, अंजीर, चिंचेचा गर, आणि एवढ्या गोडव्याच्या खाली तीच आसिर्तिकोची आंबटाई. ती नसती तर हे औषधाचं सिरप झालं असतं.

शेवटचा मुक्काम व्हेनेत्सानोस, अथिनिओस बंदराच्या बरोबर वर कड्यात. १९४७ ची, बेटावरची पहिली कारखानापद्धतीची वायनरी. विजेची सोय नसताना ती वरून खाली बांधली. द्राक्षं वरच्या मजल्यावर येणार आणि रस उताराने स्वतःच खाली जाणार. आप्पांना, ज्यांची अर्धी हयात लोडशेडिंगमध्ये रात्री दोनला मोटर चालू करण्यात गेली, ही युक्ती इतकी पटली की त्यांनी पायऱ्या दोनदा उतरून पाहिल्या. गच्चीवर सगळे सूर्यास्ताकडे तोंड करून बसले. आप्पा भिंतीकडे तोंड करून नळ्या बघत होते.

एका बाबतीत टूर फसली. इथे आमच्या वाटाडीला घाई होती, दुसरा गट वाट पाहत होता. चार पेले पंचवीस मिनिटांत. शेवटच्या दोन वाइनचं मला काहीच आठवत नाही. एवढ्या पैशांत दोनच ठिकाणं दाखवली असती आणि वेळ दिला असता तर बरं झालं असतं. "यामास!" म्हणून सगळ्यांनी पेले भिडवले. आप्पांनी पाण्याचा.

चौथा दिवस

सकाळी आक्रोतिरी. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं कांस्ययुगातलं गाव, १९६७ मध्ये स्पिरिदॉन मारिनातोस यांनी उत्खननाला सुरुवात केली. आता मोठ्या छपराखाली, लाकडी पुलांवरून फिरता येतं. दोन-तीन मजली घरं, रस्ते, सांडपाण्याची गटारं. सांगाडे इथे मिळाले नाहीत, लोक आधीच निघून गेले असावेत. मला भिंती बघायच्या होत्या, आप्पांना रांजण. ओळीने ठेवलेले, खांद्याएवढे. "यांचं सगळं आपल्यासारखंच होतं," ते म्हणाले, "फक्त पळायला समुद्र."

९ जुलै १९५६ ला इथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक कुटुंबं अथेन्सला निघून गेली आणि बागा ओस पडल्या. २०२५ च्या सुरुवातीलाही आठवडेच्या आठवडे धक्के बसत होते, हजारो लोक बेट सोडून गेले होते. आमच्या खोलीची मालकीण त्या वेळी मुलांना घेऊन बाहेर पडली, सासरे मात्र थांबले. का? "छाटणीचे दिवस होते," ती म्हणाली.

दुपारी आप्पा झोपले. मी बाटल्या घ्यायला गेले. विन्सांतोची लहान बाटली आणि आसिर्तिकोच्या दोन. पेतिमेझी आईसाठी.

पाचवा दिवस

पहाटे पाचला जाग आली तर आप्पांचं अंथरूण रिकामं. घाबरून बाहेर आले. गावाबाहेर, पहिल्या दिवशीच्याच बागेत, ते टॉवेल खांद्यावर टाकून उकिडवे बसले होते. कुत्रीसुद्धा उठलेली नव्हती. मला हात वर करून थांबवलं, मग जवळ बोलावलं.

"पानाखाली हात घाल."

घातला. ओलं होतं. बोटांना थेंब लागले. वरून पान कोरडं, खालून भिजलेलं. मातीवर हात ठेवला तर ती गार.

त्यांनी टोपलीचा घेर वितीने मोजला. सात विती. आत किती फेर विणलेत ते मोजायचा प्रयत्न केला, नवव्या फेराला चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुठेही काडी बांधलेली नव्हती, सुतळी नाही, काही नाही. एकीने दुसरीला धरलेलं.

दुपारच्या बोटीवर रेंज आली तेव्हा त्यांनी भावाला व्हिडिओ कॉल लावला. फोटो दाखवले, भाव सांगितला, कलम नाही हे सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "खालच्या वाटणीला कडेच्या दहा वेली सोड. तारेवर नको घेऊ. मी आलो की बघतो विणून."

तिकडून भाऊ म्हणाला, "आप्पा, पाऊस पडतोय इथं चार दिवस. जमिनीला टेकवली की डावणी दोन दिवसांत खाऊन टाकेल."

आप्पा थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले.

"हां, ते आहेच," ते म्हणाले, आणि मग, "कुठली फवारणी झाली?"